लॅकरवर उमटलेली फुलं

गिटारीचं काय झालंय ते कळलं, त्या दिवशी घरात जनकाबाईच्या पहिल्या स्मृतिदिनाची तयारी चालली होती. अंगणात मांडव उभा राहिला होता. लेक ज्योती आदल्या दिवशीच नांदेडहून आली होती. मुलगा बुद्धभूषण सकाळी हिंगोलीहून मोटरसायकलवर आला, पुढे केळी आणि मागे मेणबत्त्यांचा खोका बांधून. सिद्धेश्वर गावात हळद शिजवायचे दिवस होते. शेजारच्या खळ्यावरून ओल्या वाफेचा वास सारखा घरात येत होता.

संध्याकाळी भंतेजी येणार होते. वंदना झाली की जनकाबाईच्या गायन पार्टीतल्या बाया तिची गाणी म्हणणार होत्या आणि ज्योती आईच्या गिटारीवर साथ करणार होती. वर्षभर ती गिटार कुणी हातात घेतली नव्हती. जनकाबाई गेल्यावर तिच्या नवऱ्याच्या, पुंजाजीच्या, थोरल्या बहिणीनं, शकुंतलाबाईनं, ती माळ्यावर ठेवून दिली होती. ती तिथं आहे एवढं पुंजाजीला पुरत होतं. झोपताना एकदा माळ्याकडे बघायचं आणि मग डोळे मिटायचे.

तो ओट्यावर बसून जनकाबाईच्या फोटोची काच पुसत होता. फोटो काही चांगला नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला, त्यात ती कुणावर तरी रागावल्यासारखी दिसे. आत माळ्यावरून गाठोडं उतरवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ज्योती ओरडली.

"दादा, ओढू नको! ओढू नको म्हणते ना!"

पुंजाजी फोटो तसाच ठेवून आत गेला.

गिटार दिवाणावर आडवी होती. तिच्याभोवती जाड प्लास्टिकचा टेबलक्लॉथ गुंडाळलेला होता, पांढऱ्यावर लाल फुलांचा, हिंगोलीच्या बाजारात मीटरवर मिळतो तसला. डांबर गोळ्यांच्या वासापुढे हळदीचा वास कुठल्या कुठे गेला होता. बुद्धभूषणच्या हातात प्लास्टिकची एक लांब पट्टी होती आणि तिच्या आतल्या अंगाला गिटारीचं तांबूस लॅकर, वरचा चकचकीत लेप, चिकटून आलं होतं. भाजलेल्या वांग्याची साल निघावी तसं. गिटारीवर तेवढ्या जागी उघडं फिकट लाकूड दिसत होतं.

बाकीचं प्लास्टिक तिच्या पोटाला आणि पाठीला घट्ट बसलं होतं. जिथं ते सुटं झालं होतं तिथं खालच्या लॅकरवर फुलं उमटली होती. पाकळ्या, देठ, सगळं. गोळ्या जिथं दाबल्या गेल्या होत्या तिथं बटणाएवढे खळगे. पुंजाजीनं बोट लावून पाहिलं. बोटाला चिकट लागलं.

"कुणी गुंडाळलं हे?" ज्योतीनं विचारलं. कुणी ते तिला ठाऊक होतं.

शकुंतलाबाई चुलीजवळून उठून दारात आली. हाताला पीठ होतं. "म्या. काहून? काय झालं?"

"काय झालं? बघ ना, आत्या, काय झालं!"

शकुंतलाबाईनं वाकून पाहिलं. "ही फुलं कशी काय छापली हिच्यावर?" ती म्हणाली आणि पदरानं एक फूल पुसू लागली.

"पुसू नको! हात लावू नको!" ज्योतीनं तिचं मनगट धरलं. "आजोबांचं धोतर कुठंय? आई धोतरात ठेवायची."

"धोतराला बुरशी आल्ती, बाई. पावसाळ्यात पत्रा गळला. माळ्यावर पाणीच पाणी. धोतर पार ओलं. म्या मनलं, ही भिजंल, कुजंल. पुसली, कोरडी केली आन् प्लास्टिकात बांधली. झुरळं लागू नयेत म्हणून गोळ्या टाकल्या. जनकाच्या लुगड्यातबी टाकल्यात. जाऊन बघ, कसे नव्यावानी हायेत."

ते खरं होतं. घरातली चांगली वस्तू शकुंतलाबाई अशीच ठेवायची. लग्नातले शालू, पाहुण्यांच्या गोधड्या, पितळेचे डबे, सगळं प्लास्टिकात आणि गोळ्यांत. तिनं बांधून ठेवलेलं काही कधी खराब झालं नव्हतं.

गिटारीची रीत मात्र वेगळी होती आणि ती या घरात सगळ्यांना पाठ होती. जनकाबाईचा बाप सटवाजी पूर्णेच्या लोकोशेडात फायरमन होता. रेल्वे कॉलनीतला एक गार्डसाहेब देश सोडून जाताना ही गिटार त्याला देऊन गेला. देताना त्यानं बजावलं होतं: उन्हात ठेवू नको, रबरावर टेकवू नको, प्लास्टिकात बांधू नको. हिच्या अंगावरचं लॅकर पातळ आहे आणि ते आतून कधी पुरतं वाळत नाही. सटवाजीनं ते लेकीला सांगितलं आणि लेकीनं सासरी सगळ्यांना. कुणी गिटार रेक्झिनच्या खुर्चीवर ठेवली की जनकाबाई स्वयंपाकघरातून ओरडायची, "उठवा तिला, चिकटंल!" शकुंतलाबाईनंही ते किती वेळा ऐकलं होतं. पण पत्र्यातून गळणारं पाणी डोळ्यांनी दिसत होतं आणि प्लास्टिकनं लॅकर नासतं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"एवढं सांगायची आई," ज्योती म्हणाली. "एवढं! आणि तू तेच केलंस. कुणाला विचारलंस का?"

"कुणाला इचारू? पुंजा तर तिचं नाव निघालं की उठून कालव्यावर जायचा. तू नांदेडात, हा हिंगोलीत. पावसाला थांब म्हणू का, लेकरं येतील, मग गळ?"

"फोन होता ना."

"व्हय, होता. तुला फोन केला की तू म्हणतीस ड्यूटीवर आहे, आत्या, मग बोलते. ती मग काय येत न्हाई."

बुद्धभूषण हसू दाबत म्हणाला, "हे मात्र बराबर आहे."

"तू गप बैस, दादा. अर्धं तर तू सोलून काढलंस."

"मला काय माहीत चिकटलंय म्हणून? आणि आत्यावर कशाला ओरडून राहिली? आई कार्यक्रमाला गावोगाव जायची तेव्हा आपल्याला भाकरी कुणी घातली?"

"भाकरीचा विषय आहे का हा?"

पुंजाजी गिटारीची वरची कड बघत होता. उजवा हात जिथं टेकतो तिथं जनकाबाईच्या हातानं लॅकर झिजून गेलं होतं, तळहाताएवढ्या जागी. तिथलं लाकूड उघडं होतं, घामानं काळसर झालेलं आणि इतकं गुळगुळीत की डोळे मिटूनही ती जागा सापडे. प्लास्टिक तिथपर्यंत आलं होतं, पण उघड्या लाकडाला धरलं नव्हतं. ती जागा होती तशी राहिली होती. पुंजाजीनं तिच्यावर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

"हे पहा," बुद्धभूषण म्हणाला. वीज कंपनीच्या कचेरीत ग्राहकांशी बोलायचा तो आवाज त्यानं काढला. "भांडून काही होणार नाही. संध्याकाळला माणसं येतील. हिंगोलीत रूपसिंग म्हणून आहे. आमच्या साहेबांच्या बंगल्याचे सगळे दरवाजे त्यानंच पॉलिश केले. त्याला बोलावतो. घासून, फवारून दुपारपर्यंत नवी करून देईल."

"हा दरवाजा आहे का, दादा? नायट्रोसेल्युलोजचं लॅकर आहे हे. थिनर लागलं की विरघळून जातं. घासलं की सगळंच जाईल. हेसुद्धा." तिनं बापाच्या हाताखालच्या जागेकडे बोट दाखवलं.

बुद्धभूषणनं तिकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं. "मग काय, असंच ठेवायचं का चारचौघांत?"

"करा रे पॉलिश," शकुंतलाबाई म्हणाली. "लाव त्याला फोन. दिवस मावळायच्या आत झालं पाहिजे म्हणावं."

एवढं बोलून ती चुलीकडे गेली. बुद्धभूषण फोन घेऊन बाहेर गेला. ज्योती बापाकडे बघत राहिली.

"बाबा, तुम्ही काहीच का बोलत नाही?"

"बोलतो," पुंजाजी म्हणाला.

जन्मभर तो सिद्धेश्वरच्या कालव्यावर पाटकरी होता. आज पाणी कुणाच्या रानात सोडायचं हे ठरवताना दोन्हीकडचे लोक त्याच्यावर चिडायचे, आणि ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पण तिथं पाळी ठरलेली असायची. घरात पाळी कुणाची हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

तो स्वयंपाकघरात गेला. शकुंतलाबाई पुऱ्यांचं पीठ मळत होती, जोर लावून.

"आक्का," तो म्हणाला.

"बोल."

"ज्योतीचं मनावर घेऊ नको. आईची वस्तू आहे, तिला लागलं."

"म्या कुठं मनावर घेतलं? लेकरूच हाये." तिनं पिठाचा गोळा उलटा केला. "त्या पॉलिशवाल्याला येऊ दे, पुंजा. त्याला अडवू नको."

"पॉलिश केलं तर जनकाच्या हाताची जागा जाईल."

"मला दिसती ती जागा. म्याबी रोज बघितलीच ना." ती थांबली. "संध्याकाळी जनकाच्या पार्टीतली द्वारकाबाई यील. तिच्यासंगं दहा बाया येतील. त्या गिटारीवरची फुलं बघतील आन् इचारतील. मंग गावात काय म्हणतील? जनकी गेली आन् नणंदेनं वरसाच्या आत तिची गिटार नासवली. आताच म्हणतात, घर आता नणंदेच्या हातात गेलं. तुझ्या कानावर येत न्हाई, माझ्या येतं."

"कुणी काही म्हणणार नाही."

"तू पाण्याच्या पाळीवरनं शिव्या खाल्ल्यास, त्या निराळ्या. ह्या निराळ्या." तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. "जनका गेली, पुंजा. मी हाये अजून. मला त्या बायांपुढं उभी करू नको."

नवरा गेल्यावर शकुंतलाबाई सासरहून, साखऱ्याहून, एक पत्र्याची पेटी घेऊन इथं आली, तेव्हा ज्योती रांगत होती. तेव्हापासून तिनं भावाकडे कधी काही मागितलं नव्हतं. लुगडंसुद्धा जनकाबाईच देईल ते नेसायची.

"बघू," पुंजाजी म्हणाला.

रूपसिंग दुपारी आला. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना डबे, मागे फवारायचं यंत्र. दारातच त्यानं जयभीम घातला, पाणी प्यायला आणि गिटार पाहून हसला. "मला वाटलं दिवाण-बिवाण असंल. ही तर हलकी हाये. नवरीवानी सजवून देतो, काका."

"आधी थोडं करून दाखवा," ज्योती म्हणाली. "पाठीमागं. कोपऱ्यात."

"ताईंचा भरवसा न्हाई आपल्यावर."

"भरवसा आहे. थिनरवर नाही."

रूपसिंगनं राग मानला नाही. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला, गिटारीच्या पाठीवर प्लास्टिक सुटलेल्या खालच्या कोपऱ्यात एकदा फिरवला आणि बोळा वर धरला. पांढरा कापूस चहासारखा तपकिरी झाला होता. कोपऱ्यात नाण्याएवढं लाकूड उघडं पडलं.

"लईच पटकन इरघळतं हे," तो म्हणाला. "जुनं हाये. ह्याच्यावर नवं धरायचं न्हाई. सगळं उतरवून कागदानं घासावं लागंल. मंग नवं मारतो, काचंवानी."

पुंजाजीनं वरच्या कडेला बोट टेकवलं. "आणि ही जागा?"

"तो डाग ना? तो तर पहिले काढतो, काका. तिथं तेलकट झालंय, नवं लॅकर बसायचं न्हाई. चांगलं खोल घासून काढतो, कुणाला कळणारबी न्हाई हितं काय होतं ते."

रूपसिंगनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. "तुमी ठरवा. म्या बाहेर बसतो," म्हणाला आणि मांडवात जाऊन बसला.

ज्योतीनं फोन पुढे केला. हैदराबादला गिटारी दुरुस्त करणारा एक माणूस तिनं सकाळपासून तीन-चार ठिकाणी विचारून शोधला होता. त्याला फोटो पाठवले होते. आता त्याला फोन लावून तिनं आवाज मोठा केला.

"दीदी, थिनर बिलकुल नहीं," तो माणूस म्हणत होता. "प्लास्टिक खींचना नहीं. छाँव में खुला छोड़ दो, दो-तीन महीना. जो नरम हुआ है, वो कुछ तो सख़्त हो जाएगा. फिर प्लास्टिक जितना ख़ुद छोड़े, उतना ही निकालना."

"और निशान?"

"निशान रहेंगे. घिसोगे तो सब जाएगा, नहीं घिसोगे तो निशान रहेंगे. अभी बजाना भी मत, हाथ चिपकेगा."

ज्योतीनं फोन बंद केला. आज गिटार वाजवायची नाही हे तिलाही आत्ताच कळलं होतं. गेले कित्येक दिवस ती कामावरून आल्यावर शेजारणीच्या मुलाची गिटार मागून घेऊन आईची गाणी बसवत होती. बोटांची टोकं अजून लाल होती.

"राहू द्या," पुंजाजी म्हणाला. "रूपसिंगला जेवायला घाला आणि जाऊ द्या. गिटार जशी आहे तशी राहील."

"आणि आत्याचं काय?" बुद्धभूषणनं विचारलं.

"आत्याचं काय?"

"बाबा, तुम्हाला कळत नाही असं नाही. ती सकाळपासून काही खात नाही."

"कळतं मला."

"कळतं, तरी?"

"तरी," पुंजाजी म्हणाला. "तुझी आई आता कुठंच राहिली नाही, बुद्धभूषण. फोटो तर बघ कसला आहे. ही एक जागा राहिली. ती घासायला मी माझ्या हातानं देऊ का?"

बुद्धभूषणनं मान फिरवली. दाराच्या आड पाऊल वाजलं आणि मग चुलीवर भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. शकुंतलाबाईनं ऐकलं होतं.

"निदान झाकून तरी ठेवू," बुद्धभूषण म्हणाला. "पांढरी चादर टाकतो."

"चादर चिकटेल," ज्योती म्हणाली, पण आता तिचा आवाज उतरला होता. तिनं दाराकडे पाहिलं. "दादा, आपण आतच ठेवू. बाहेर मांडवात नेऊच नको. विचारलं कुणी तर तार तुटली म्हणते मी. म्हणूनच वाजवत नाही म्हणते."

सकाळपासून भाऊ-बहीण पहिल्यांदाच एका बाजूला आले होते. पुंजाजीलाही ते पटलं. गिटार आतल्या खोलीत दिवाणावर एका सुती शालीवर तिच्या कडेच्या आधारानं उभी केली, पोट भिंतीकडे, म्हणजे पोटाला-पाठीला कुठंच काही टेकणार नाही. दार लोटून घेतलं. खोटं बोलायचं ठरल्यावर घर थोडं शांत झालं. शकुंतलाबाईनं पुऱ्या तळल्या. ज्योती तिच्या शेजारी बसून लाटून देऊ लागली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण पुऱ्या होत गेल्या.

दिवस कलताना भंतेजी आले. मेणबत्त्या लागल्या. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली जनकाबाईचा रागीट फोटो ठेवला होता. त्रिशरण, पंचशील झालं. भंतेजी थोडकं बोलले. जनकाबाईनं या भागातल्या किती वस्त्यांत गाणं नेलं ते बोलले. पुंजाजी हात जोडून बसला होता आणि लोटलेल्या दाराकडे बघत होता.

मग गायनाची वेळ झाली. ढोलकी आली, पेटी आली. द्वारकाबाई उभी राहिली. जनकाबाईच्या पार्टीत ती पहिल्यापासून दुसरा आवाज होती. अंगानं थोराड, आवाज माईक नसला तरी धरणापर्यंत जाईल असा.

"जनकीची गिटार कुठं हाये?" तिनं विचारलं.

"मावशी, तिची तार तुटली," ज्योती म्हणाली.

"तुटू दे की. वाजवायला कोण मागतंय? तिच्या पाया पडल्याबिगर म्या कधी तोंड उघडलं का? जनकी हसायची मला. म्हणायची, द्वारके, लाकडाच्या पाया पडतीस आन् नवऱ्याला उलटं बोलतीस." बाया हसल्या. द्वारकाबाई हसत हसतच आतल्या खोलीकडे चालू लागली. बुद्धभूषण आडवा गेला, "मावशी, मी आणून देतो ना," म्हणाला, पण तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं. तो लहान असल्यापासून ती त्याला असंच बाजूला करायची.

तिनं दार उघडलं, दिवा लावला. पाठीमागून बाया आत शिरल्या. गिटार भिंतीकडे तोंड करून होती म्हणून द्वारकाबाईनं ती मानेला धरून वळवली.

हसणं थांबलं.

"अगं माय," द्वारकाबाई म्हणाली. "हे कुणी केलं?"

बायांची नजर फिरत फिरत दारात उभ्या असलेल्या पुंजाजीवर आली. त्याच्यामागं, ताटांची चळत हातात घेऊन, शकुंतलाबाई उभी होती.

पत्रा गळला होता. तेवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. खोटंही झालं नसतं. पुंजाजीच्या तोंडाशी ते आलं होतं. पण त्याच वेळी द्वारकाबाईचा हात गिटारीच्या वरच्या कडेवरून सरकत त्या उघड्या जागेवर गेला आणि तिथं थांबला. तिनं डोळे मिटले. "हितं हाये ती," ती पुटपुटली. पुंजाजी त्या हाताकडे बघत राहिला आणि बोलायची वेळ निघून गेली.

"म्या केलं," शकुंतलाबाई म्हणाली. "म्या प्लास्टिकात बांधली. आत गोळ्या घातल्या."

"तुमी?" द्वारकाबाईनं डोळे उघडले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि तेच जास्त लागणारं होतं. "शकुंतलाबाई, तुमी तर जनकीच्या घरात ऱ्हायल्या. आमी चार घडीला यायचो तरी आमाला पाठ होतं."

"व्हय," शकुंतलाबाई म्हणाली. "तुमाला पाठ होतं."

ज्योती पुढे झाली. "पत्रा गळत होता, मावशी. आत्यानं वाचवायला केलं. नाहीतर भिजून फुगली असती, तुकडे झाले असते." सकाळी तिनं आत्याला हेच बोलू दिलं नव्हतं. आता ती घाईघाईनं बोलत होती आणि बाया "व्हय व्हय, कुणाच्या हातून बी व्हतं" असं म्हणत बाहेर निघाल्या होत्या. पुंजाजीच्या बाजूनं जाताना त्यांनी पदर सावरले.

गाणी झाली. द्वारकाबाई चांगली गायली. ज्योती गिटारीशिवाय तिच्या मागं उभी राहून गायली आणि दोनदा तिचा आवाज फुटला. शकुंतलाबाईनं सगळ्या पंगतीला स्वतः वाढलं. पुरी घे, भाजी घे, म्हणत सगळीकडे फिरली. भावाच्या ताटाशी आली तेव्हा तिनं पुरी टाकली आणि पुढे गेली. आणखी पाहिजे का, असं विचारलं नाही.

सकाळी पुंजाजी तोंड धुऊन आला तर ओट्यावर पत्र्याची पेटी ठेवलेली होती. शकुंतलाबाई कोपऱ्यात चप्पल शोधत होती. बुद्धभूषण मोटरसायकल सुरू करून उभा होता.

"आक्का, कुठं निघालीस?"

"साखऱ्याला. घर बंद हाये कवापासून. झाडून काढते."

"तिथं तुझं कोण आहे आता?"

"घर हाये ना."

"कालचं..." पुंजाजी म्हणाला. "मी बोलणार होतो, आक्का. मला वेळ लागला."

"तुला वेळच लागतो, पुंजा. लहान होता तव्हाबी लागायचा." ती पेटीवर दोरी आवळत होती. "म्या तुझ्यावर रागावले न्हाई. तू काय राखलं ते म्या बघितलं. बायकोचं राखलं. बराबर केलं. कुणीबी तेच करंल."

"मग जाऊ नको."

"राहिले तर रोज त्या खोलीतनं जावं लागंल. रोज ती फुलं दिसतील." तिनं दोरीची गाठ मारली. "तुला ती जागा दिसंल. मला फुलंच दिसतील."

ज्योती न्हाणीतून ओल्या केसांनीच धावत आली. "आत्या, मी जास्त बोलले काल. मला बोल ना चार शब्द. पण जाऊ नको."

शकुंतलाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "केस पूस. सर्दी व्हईल," ती म्हणाली. मग मोटरसायकलवर बसली, पेटी मांडीवर धरली. बुद्धभूषण बापाकडे न बघता निघाला. हिंगोलीपर्यंत तो नेणार होता, पुढे सेनगावची गाडी मिळणार होती.

दोन दिवसांनी ज्योतीची रजा संपली. जाताना तिनं बापाला दाखवून दिलं: खिडकी उघडी, पडदा ओढलेला, ऊन नाही, वारा पाहिजे. प्लास्टिकची कड सुटलेली दिसली तर तेवढीच उचलायची, जोर लावायचा नाही. पुंजाजी ते सगळं नीट करतो. सकाळ-संध्याकाळ बघतो. लॅकर आता बोटाला पूर्वीइतकं चिकटत नाही. पुढचं प्लास्टिक थोडं थोडं करत बरंच निघालं आहे. पाठीवरचं अजून बसलेलं आहे. फुलं आहेत तशीच आहेत.

भाकरी तो स्वतः थापतो, जाड होते. बुद्धभूषण रोज फोन करतो आणि शेवटी एकच विचारतो, "आत्याला आणायला गेलात का?" पुंजाजी म्हणतो, आपल्या रानातली हळद निघू दे, मग जातो. हळद निघाली, शिजली, वाळली, बाजारातही गेली. बुद्धभूषण म्हणतो, मी जाऊ का? पुंजाजी म्हणतो, नको, मलाच जायला पाहिजे.

साखऱ्याला अजून कुणी गेलेलं नाही.